चार कोपऱ्यांचे अक्रोड

रादोयेने कपाटाला खांदा लावला आणि ते पलीकडच्या भिंतीपर्यंत रेटत नेलं. लाकडी फरशीवर दोन पांढरे ओरखडे उठले. कपाट भिंतीला टेकल्यावर त्याने एक डोळा मिटून बाजूने पाहिलं. भेग झाकली गेली होती. फक्त छताजवळचं टोक उघडं राहिलं होतं. तिथे त्याने लेकीच्या, नेदाच्या, वाढदिवसाच्या कागदी झिरमिळ्या चिकटवल्या, लाल आणि सोनेरी.

"हे इथे कशाला आणलंस?" त्याची बायको यास्ना दारात उभी होती. कोपरापर्यंत पीठ.

"उद्या पोरं येणार. नाचायला जागा नको?"

"कपाट होतं तिथे कुणाच्या पायात येत नव्हतं."

"पोरं धडकतात."

"कपाटाला?"

"यास्ना, सणाच्या दिवशी डोकं खाऊ नको."

"आज नाताळच्या आदल्या दिवसाचा उपास आहे. मासा सोडून मांस खायचं नाही. तुझं डोकं तर मुळीच नाही."

ती हसली आणि आत गेली. रादोयेने फरशीवर पडलेला चुना बुटाने कपाटाखाली सारला. मग खिडकीपाशी जाऊन त्याने खाली पाहिलं. गेल्या आठवडाभरात तो दिवसातून कितीदा त्या खिडकीपाशी गेला असेल, ते त्यालाच ठाऊक.

खाली खड्डा होता.

बेलग्रेडच्या चुबुरा भागात असे खड्डे आता गल्लोगल्ली आहेत. एक बसकं जुनं घर असतं, अंगणात तुतीचं झाड असतं. मग एक बिल्डर येतो. घर जातं, झाड जातं, आणि मोटारी ठेवायला दोन मजले खोल खड्डा पडतो. या खड्ड्याचा मालक च्वेत्को. खड्ड्याला लागून जी चार मजली विटांची इमारत उभी आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर रादोये राहायचा. आणि खड्ड्यावरची क्रेनही रादोयेच चालवायचा. दोन वर्षं घरी बसल्यावर मिळालेलं काम. घरातून खाली उतरायचं, फाटक ओलांडायचं, शिडी चढायची. नेदा खिडकीतून हात हलवायची, तो वरून भोंगा वाजवायचा.

क्रेनच्या केबिनमधून सगळं दिसतं. रस्त्याकडच्या बाजूला पोलादी टेकू लागले, ते त्याने पाहिले. मागच्या बाजूला लागले, ते त्याने स्वतः उचलून दिले. इमारतीच्या बाजूला लागले नाहीत, तेही त्याने पाहिलं. मातीची उभी भिंत, तिच्यावर इमारतीचा पाया, आणि मध्ये काही नाही. डिसेंबरात त्याने च्वेत्कोला विचारलं तेव्हा च्वेत्को म्हणाला, "सुट्ट्या झाल्या की लावू."

या देशात सुट्ट्या झाल्या की सगळं होतं. ऑपरेशनं होतात, खटले चालतात, नळ दुरुस्त होतात. एकतीस डिसेंबरला दुपारी माणसं हातातलं काम टाकून जी निघतात, ती जुन्या पंचांगाचा, सात जानेवारीचा नाताळ आणि जुन्या पंचांगाचं नवं वर्ष साजरं करूनच परत येतात. तोवर कुणी मरूही नये अशी अपेक्षा असते. खड्ड्याचा रखवालदारही पाणी उपसायचा पंप बंद करून गावी गेला. नव्या वर्षाला बर्फ पडलं. मग दक्षिणेकडून उबदार वारा आला, बर्फ वितळलं आणि पाऊस लागला. खड्ड्यात पाणी साचू लागलं.

भेग पहिल्यांदा दिसली तेव्हा केसाएवढी होती. आज सकाळी तिच्यात करंगळी गेली.

रादोये न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि फोन लावला.

"ख्रिस्त जन्मतोय, रादोये!" च्वेत्कोच्या मागे गाण्याचा आवाज होता. तो डोंगरावर होता, पोराबाळांना घेऊन बर्फात घसरायला. "बोल, काय झालं?"

"साहेब, पाणी फार चढलंय. आणि माझ्या भिंतीला गेलंय."

"काय गेलंय?"

"भेग गेलीय. रोज वाढतेय."

"रंगवून देतो. सुट्ट्या झाल्या की पाठवतो माणूस."

"रंगाचं नाही साहेब. टेकू नाहीत ना तिथे."

गाण्याचा आवाज कमी झाला. च्वेत्को कुठेतरी बाजूला आला असावा.

"हे बघ. ते घर महायुद्धाच्या आधीचं आहे. त्याच्यावर जर्मनांनी बॉम्ब टाकले, मग आपल्याच दोस्तांनी टाकले, मग नव्व्याण्णव साली परत त्याच दोस्तांनी टाकले. पडलं का? आणि चार दिवसांच्या पावसाने पडेल? तू आज अग्निशमनवाल्यांना बोलवलंस तर ते काय करतील, माहितीये? सगळ्यांना रस्त्यावर काढतील. सणाच्या दिवशी, पावसात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना. कामाला कुलूप लावतील. मग तू क्रेन कुठे चालवणार? आकाशात?"

"नाही, मी फक्त म्हटलं..."

"सोमवारी मी येतो. आपण दोघं बघू. पोरीचा वाढदिवस ना उद्या? माझ्याकडून पापा घे तिचा."

रादोयेने फोन खिशात टाकला. नळ तसाच वाहत राहिला. त्याला बरं वाटलं होतं. भित्र्या माणसाला कुणी दटावून गप्प केलं की बरं वाटतं. मग जबाबदारी दटावणाऱ्याची. भित्रा माणूस कुणाचं वाईट करत नाही असं लोक म्हणतात. त्यांनी एकदा भित्र्या माणसाच्या शेजारी घर घेऊन बघावं.

बेल वाजली. नेदा धावली.

दारात स्रेतेन आजोबा होते, यास्नाचे वडील, होमोल्येच्या डोंगरातून बसने आलेले. एका खांद्यावर पेंढ्याचं पोतं, काखेत नाताळची ओकची फांदी, तिची तपकिरी पानं अजून फांदीलाच. त्यांच्या मागे पहिल्या मजल्यावरच्या पेर्साकाकू, आजोबांची पिशवी हातात घेऊन धापा टाकत.

"तुझा बाप जिन्यातून अख्खं रान घेऊन चाललाय," पेर्साकाकू यास्नाला म्हणाल्या. "म्हटलं पिशवी तरी घेते, नाहीतर म्हातारा गडगडत माझ्या दारात यायचा. विधवेच्या दारात असा गडगडत आलेला पुरुष शोभतो का?"

"तुझ्या दारात आलो असतो तर गडगडत नसतो आलो," आजोबा म्हणाले.

"बाबा!"

"उपासाच्या दिवशी म्हाताऱ्याची जीभ बघा," पेर्साकाकू खूश होत्या. त्यांनी नेदाला जवळ ओढलं. "किती वर्षांची होणार उद्या?"

"सहा."

"नाताळात जन्मलेलं पोर घराची राखण करतं. ठाऊक आहे ना? हे घर तूच धरून ठेवलंयस."

रादोये न्हाणीघराच्या दारात उभा होता. त्याने हात पुसायला टॉवेल शोधला. हात कोरडेच होते.

पेर्साकाकू त्याच्याकडे वळल्या. "आणि तू रे? आठवडाभर तोंड दाखवलं नाहीस. माझा पुतण्या यंदा येत नाही. जर्मनीतून निघणार होता, आता म्हणतो कामावर माणसं नाहीत. उद्या सकाळी माझ्या उंबऱ्यात पहिलं पाऊल कोण टाकणार? मांजर?"

"कुणीतरी येईल, काकू."

"कुणीतरी येतं ते घर लुटायला. पहिल्या पावलाचा पाहुणा माणूस बघून ठरवावा लागतो. त्याचा पाय जसा, तसं वर्ष." त्या निघाल्या. जिन्यात पुन्हा वळून म्हणाल्या, "माझं न्हाणीघराचं दार लागत नाही बरं का. चौकट फुगली पावसाने. वेळ झाला की रंधा मारून दे."

"देतो."

"तू आहेस म्हणून बरं आहे बाबा."

ऑक्टोबरात जेव्हा खड्डा खणायला यंत्र आलं, तेव्हा याच पेर्साकाकू स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन खाली उतरल्या होत्या आणि यंत्रासमोर रस्त्यात बसल्या होत्या. त्यांच्या मागून बाकीचे उतरले. तीन दिवस काम बंद. चौथ्या दिवशी च्वेत्कोने रादोयेच्या हातात रकिया या फळांच्या दारूच्या बाटल्यांचं खोकं दिलं. रादोये दारोदार गेला. प्रत्येक उंबऱ्यात एक बाटली आणि एकच वाक्य: मी आहे ना तिथे. पेर्साकाकूंनी बाटली घेतली नाही. पण वाक्य घेतलं. खुर्ची उचलून वर गेल्या.

संध्याकाळी आजोबांनी पोतं उघडलं.

"बाबा, शहरात चिमूटभर टाकतात. बाजारात जुडी मिळते, रिबीन बांधलेली. ती मेजावर ठेवतात."

"रिबीन बांधलेला पेंढा गाय खात नाही," आजोबा म्हणाले आणि पोतं मेजाखाली उपडं केलं. खोलीत उन्हाळ्याचा वास पसरला. "ख्रिस्त गोठ्यात जन्मला. फ्लॅटमध्ये नाही जन्मला."

मग ते मेजाभोवती वाकून चालू लागले, कंबरेवर हात ठेवून, कोंबडीसारखं क्वॉक क्वॉक करत. नेदा त्यांच्या मागे चार पायांवर, पियू पियू करत. आजोबा खिशातून सुका मेवा, खडीसाखर, वाळलेले आलुबुखार मागे फेकत होते आणि नेदा पेंढ्यात तोंड खुपसून शोधत होती. यास्ना दाराला टेकून हसत होती. शेवटी तीही खाली बसली आणि लेकीच्या मागे पिल्लू झाली.

"रादोये, ये ना! तू कोण, कोंबडा?"

"मी कोंबडाच बरा," तो म्हणाला. पण त्याची नजर फरशीवर होती. नेदाने उडी मारली की कपाटातल्या काचेच्या पेल्यांचा किणकिणाट होत होता. पेले पूर्वी किणकिणायचे का? त्याला आठवेना.

आजोबा उभे राहिले. आवाज बदलून, चर्चमध्ये उभं राहावं तसे. त्यांनी चार मोठे अक्रोड घेतले आणि एकेक करून खोलीच्या चार कोपऱ्यांत टाकले. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. प्रत्येक अक्रोडाबरोबर ओठांत काहीतरी पुटपुटले.

"हे कुणाचे?" नेदाने विचारलं.

"घराचे. चार कोपरे धरून बसलेत ते. यांना हात लावायचा नाही. उचलायचे नाहीत, खायचे नाहीत. उचलला तर तो कोपरा मोकळा होतो."

"उद्या माझे मित्र येतील त्यांनी उचलला तर?"

"त्यांना आधीच सांग."

"वेल्को ऐकत नाही कुणाचं. वेल्को चावतो."

"मग वेल्कोला कोपऱ्यात नको बसवू."

जेवण झालं. मासा, घेवडा, पोळी, मध. यास्नाने फुगे फुगवून ठेवले. केक आदल्या दिवशीच आणला होता, खिडकीबाहेरच्या थंडीत खोक्यात ठेवला होता. तिने पाहुण्यांची मोजदाद पुन्हा केली. बालवाडीतली पोरं, त्यातल्या काहींच्या आया. नाताळच्या दिवशी शहरातली खेळघरं बंद असतात, म्हणून घरीच. "पोरं उड्या मारणार, खालून पेर्साकाकू झाडू आपटणार," ती म्हणाली. "त्यांना केक नेऊन दे दुपारी."

"पुढच्या रविवारी केला तर?" रादोये म्हणाला.

"काय?"

"वाढदिवस. सगळे दमलेले असतात. सणाच्या दिवशी लोक बाहेर पडत नाहीत."

यास्नाने हातातला फुगा सोडला नाही, पण गाठ मारायचं थांबवलं. हवा तिच्या बोटांतून हळूहळू निघत राहिली.

"तुला काय झालंय?"

बोलायची वेळ ती होती. तिने विचारलं होतं, सरळ, तोंडावर. आजोबा पेंढ्याशेजारच्या सोफ्यावर घोरत होते, पोर झोपली होती, घर गरम होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "पाऊस. कंटाळा आलाय पावसाचा."

सकाळी नेदाने सगळ्यांना उठवलं.

"कुणी हलवले? मी हात लावला नाही! आई शप्पथ मी हात लावला नाही!"

ती झोपायच्या झग्यात, अनवाणी, कपाटासमोर उभी होती. आजोबा आधीच कपडे घालून तयार होते. यास्ना केस बांधत आली. रादोये सगळ्यात शेवटी आला, कारण नेदा काय हलल्याबद्दल ओरडतेय ते त्याला पलंगावरच कळलं होतं.

चारही अक्रोड कपाटाच्या पायाशी होते. एकमेकांना चिकटून, कोंबडीखालच्या अंड्यांसारखे. स्वयंपाकघराकडचे दोन खोलीभर प्रवास करून आले होते. वाटेत पेंढ्याच्या दोन काड्या सोबत घेऊन.

"ख्रिस्त जन्मला," आजोबा सवयीने म्हणाले.

"खरंच जन्मला," कुणीतरी उत्तर दिलं.

"उंदीर असेल," आजोबा म्हणाले.

"उंदीर अक्रोड ठेवून जातो का आजोबा? उंदीर खाऊन जातो." नेदा रडायच्या बेताला आली होती. "मी धरून नाही ठेवलं घर. मी झोपले."

यास्नाने एक अक्रोड उचलला. आजोबांनी हात पुढे केला तिला अडवायला आणि मागे घेतला. तिने तो पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, बोट काढलं. अक्रोड म्हणजे काही गोटी नव्हे. ओबडधोबड, शिरा असलेलं फळ. थोड्याथोडक्या उताराला तो बधत नाही. हा क्षणभर थांबला, एका कुशीवर वळला, मग दुसऱ्या, आणि डुगडुगत, अडखळत, पण कुठेही न रेंगाळता कपाटापाशी परत आला.

तिने वर पाहिलं. लाल-सोनेरी झिरमिळ्या मधोमध फाटल्या होत्या. कुणी ओढल्यासारख्या नाही. ताणून फाटल्यासारख्या.

"कपाट हलव," ती म्हणाली.

"यास्ना, ऐक..."

"कपाट हलव, रादोये."

तो हलला नाही. तिने स्वतःच खांदा लावला, मग आजोबा आले, मग त्याला यावंच लागलं. काल हे कपाट त्याने एकट्याने ढकललं होतं. आज तिघांनाही जड गेलं, चढावर गाडी ओढावी तसं.

मागे एका भिंतीच्या दोन झाल्या होत्या. मध्ये हात जाईल एवढा काळोख होता आणि त्या काळोखातून गार वारा येत होता, पावसाचा आवाज येत होता, खाली कुठेतरी माती सुटून पाण्यात पडल्याचा आवाज येत होता. आजोबांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

यास्ना ओरडली नाही. तिने फरशीवरचे ओरखडे पाहिले, कालचे, पांढरे. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न नव्हता. ती खाली बसली आणि नेदाच्या पायात मोजे चढवू लागली.

"माझा वाढदिवस?" नेदा म्हणाली.

"बाहेर करू."

"पावसात?"

"पावसात कुणाचा झालाय आजवर? तुझाच पहिला. बाबा, तिचा कोट घ्या. केक घ्या. बाकी काही नको." तिने एका हाताने बुटाची नाडी ओढली, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. अग्निशमनवाले लगेच लागले. तिने पत्ता सांगितला, मजला सांगितला, भेग सांगितली. मग फोन खिशात टाकून ती उठली.

"आम्ही खाली जातो, रस्त्याच्या पलीकडे. मी पोरांच्या आयांना फोन करते. तू दारं ठोठाव. सगळी."

"काय सांगू त्यांना?"

"जे मला सांगितलं नाहीस, ते."

ती गेली. आजोबा तिच्या मागून, खोकं दोन्ही हातांत धरून, एकेक पायरी चाचपत. रादोये खोलीत एकटा राहिला. त्याने एक अक्रोड उचलला, का ते त्यालाही ठाऊक नाही, आणि खिशात टाकला.

पेर्साकाकूंनी दार ठोठावण्याआधीच उघडलं. त्यांनी जिन्यात पावलं ऐकली होती. अंगात चर्चला जायचा काळा पोशाख, गळ्यात मोत्यांची माळ, हातात गव्हाची वाटी.

"मला वाटलंच होतं!" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "काल बोलले आणि तू आज आलास. उजवा पाय, उजवा पाय पुढे टाक!"

"काकू, ऐका, मी..."

"आधी बोलायचं नसतं! ख्रिस्त जन्मला!"

मूठभर गहू त्याच्या तोंडावर, केसांत, कॉलरच्या आत गेले. "खरंच जन्मला," तो म्हणाला, कारण त्याला दुसरं काही म्हणायची सवय नव्हती. तोवर त्यांनी त्याच्या बाहीला धरून आत ओढलं होतं. स्वयंपाकघरातली जुनी लोखंडी चूल पेटलेली होती. या इमारतीत चूल ठेवलेल्या त्या शेवटच्याच. तिच्यासमोर बुटकी तिवई मांडलेली होती, पुतण्यासाठी. त्यांनी त्याला बसवलं आणि त्याच्या खांद्यांवर लोकरीची जाड घोंगडी टाकली.

"अशी पांघरली की दुधावर साय जाड येते. माझ्याकडे गाय नाही, पण पांघरावी लागते."

"काकू, मला काही सांगायचंय."

"हे घे आधी." ओकची काटकी त्याच्या हातात आली. त्यांनी चुलीचं दार उघडलं. "ढवळ आणि म्हण. जितक्या ठिणग्या, तितकं आयुष्य. जितक्या ठिणग्या, तितकं सुख या घरात. म्हण रे. तुझा आवाज चांगला आहे."

ऊब त्याच्या तोंडावर आली. घोंगडीला डांबरगोळ्यांचा वास होता. खूप दिवसांनी कुणीतरी त्याच्याकडे बघून आनंदलं होतं. त्याने काटकी निखाऱ्यात घातली. ठिणग्या उडाल्या, भरपूर. त्याच्या मनात आलं, दोन वाक्यं म्हणून टाकावी. दोन वाक्यांनी काय होतं. ती म्हणून मग सांगावं. किंवा ती म्हणावी, गरम रकिया घ्यावी, आणि अग्निशमनवाले येतीलच की. त्यांच्या टोप्या असतात, भोंगे असतात, ते सांगतील. त्यांचं कामच ते.

"म्हण ना," पेर्साकाकू म्हणाल्या.

न्हाणीघराचं दार त्यांच्या मागे आपोआप उघडलं, भिंतीवर आपटलं आणि तसंच राहिलं.

रादोयेने काटकी खाली ठेवली. त्याला शब्द सापडत नव्हते. ऑक्टोबरात चार शब्द सापडले होते, ते किती सोपे होते. त्याने खिशातून अक्रोड काढला आणि वाकून फरशीवर ठेवला.

अक्रोड थांबला, वळला. मेजाच्या पायाला लागून बाजूला झाला, पेर्साकाकूंच्या काळ्या बुटांमधून गेला, सांडलेल्या गव्हातून करकरत वाट काढत खड्ड्याकडच्या भिंतीपर्यंत पोचला, आणि तिथे ठक असा बारीक आवाज झाला.

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग सांडलेल्या गव्हाकडे. तेव्हा त्यांना दिसलं की दाणेही जिथे पडले तिथे नाहीत. एकेक दाणा त्याच भिंतीकडे सरकत चालला होता.

"घोंगडी राहू दे," रादोये उठू लागला तेव्हा त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. त्या रस्त्याकडच्या खिडकीपाशी गेल्या. पडदा बाजूला केला. पलीकडच्या फुटपाथवर, पावसात, स्रेतेन आजोबा खोकं छातीशी धरून उभे होते आणि झग्यावर कोट घातलेली नेदा खोक्याच्या झाकणावर छत्री धरून उभी होती. स्वतःवर नाही, केकवर.

"यांना आधी खाली नेलंस," त्या म्हणाल्या.

"यास्नाने नेलं."

"हं."

त्यांनी पडदा सोडला. रादोयेला वाटलं त्या विचारतील, कधीपासून ठाऊक होतं. त्याने तारीख मनात तयारही केली, एक खरी आणि एक जरा अलीकडची. त्यांनी विचारलं नाही.

त्या वळल्या. चुलीशेजारी पाण्याची बादली होती. नाताळच्या सकाळी चुलीतला विस्तव विझू द्यायचा नसतो. त्यात घराचं वर्ष असतं. नवरा गेला त्या वर्षीही पेर्साकाकूंनी तो विझू दिला नव्हता, अंत्यविधीहून येऊन आधी लाकूड सरकवलं होतं. त्यांनी बादली दोन्ही हातांनी उचलली आणि एका दमात चुलीत ओतली. फस्स झालं. राखाडी वाफ छतापर्यंत गेली.

दोघांच्याही अंगावर राख बसली. पेर्साकाकूंनी खुंटीवरचा कोट काढला, एकेक बटण लावलं आणि दार उघडून धरलं.

"चल," त्या म्हणाल्या. "त्या वेळी बाटली घेऊन गेला होतास ना दारोदार? तसाच जा. मी मागे उभी राहते. बघू दे मला, कसा सांगतोस."